सोडनदीच्या पाण्यात

“कापगते, तू बसमध्ये थांब. सामान आहे,” असं म्हणून निमजे सर खाली उतरले.

सामान म्हणजे एकोणीस जणांच्या पिशव्या, पाण्याचा एक पिंप, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि झाडं दाबून वाळवायच्या दोन लाकडी चौकटी. नवेगावबांधच्या तलावावर ते चोरायला कोण येणार होतं ते देवाला ठाऊक. ड्रायव्हर चाकाच्या सावलीत टॉवेल पसरून आडवा झाला होता. अठरा मुलंमुली तलावाच्या मातीच्या पाळीवरून एकामागून एक पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली. मी खिडकीची काच सरकवली. पाळीच्या पलीकडे पाणी होतं, पण खिडकीतून दिसत होती ती नुसती पाळ.

एक्याण्णव सालचा नोव्हेंबर. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. वैनगंगेच्या पुराचं पाणी जिथवर पसरतं त्या पट्ट्यातले तलाव आणि अभयारण्यं पाहायची, पाणवनस्पती गोळा करायच्या, अशी आमची चार दिवसांची सहल होती. माझा डावा पाय दीड वर्षाची असताना पोलिओनं गेला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, त्याला जोडलेला जाड कातडी बूट आणि हातात काठी, असा माझा संसार. चालताना त्याचा खटखट आवाज होई. वर्गात मी येतेय हे सगळ्यांना आधीच कळायचं. सहलीसाठी नाव दिलं तेव्हा सर माझ्याकडे नुसते बघत राहिले होते. नाही म्हणाले नाहीत. का नाही म्हणाले ते मला त्या खिडकीशी बसल्यावर कळलं. त्यांनी मला सहलीला आणलं होतं, तलावावर नाही.

दीड तासानं सगळे परत आले, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, तोंडं उन्हानं लाल झालेली. सुषमा टेंभरे माझ्या शेजारी बसायची, तिनं ओल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या माझ्या मांडीवर ओतल्या आणि यातलं काय काय आहे ते सांग म्हणाली. मी सांगितलं. एकेक देठ उचलत, चुरगळलेली पानं उलगडत सगळ्यांची नावं सांगितली. एका वनस्पतीवर सर आणि दोन मुलं पाण्याकाठी बराच वेळ अडली होती म्हणे. ती मी पानाच्या शिरांवरून ओळखली. सर पुढच्या सीटवरून ऐकत होते. त्यांनी मागे वळून शाबास म्हटलं. त्या शाबासकीचा मला इतका राग आला की मी पिशवीचं तोंड बांधलं ते पुन्हा सोडलंच नाही.

दुपारी जंगलातलं एक लहान तळं होतं. तिथला वनरक्षक भला माणूस. माझी काठी पाहून तो स्वतःच म्हणाला की जीप पाण्यापर्यंत जाते, बाईंना मी घेऊन येतो. सरांनी त्याला बाजूला नेलं, काहीतरी सांगितलं आणि तो माझ्याकडे न बघता निघून गेला. मी सरांना म्हणाले की मला जमेल. ते म्हणाले, “कापगते, वाद नको.” आवाज चढलेला नव्हता. उलट थकलेला होता.

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या विश्रामगृहाच्या ओसरीवर त्यांनी दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगितला. सकाळी आठला निघायचं, सोडनदीवर जायचं. वैनगंगेनं शंभरएक वर्षांपूर्वी कूस बदलली, तेव्हा जुन्या पात्राचा एक वाकडा तुकडा मागे राहिला. तो आता लांबट तलाव झालाय. पुरात नदी येऊन त्याला भेटते, पूर ओसरला की पुन्हा सोडून जाते, म्हणून गावच्या लोकांनी नाव ठेवलं सोडनदी. सर म्हणाले की अख्ख्या जिल्ह्यात इतक्या प्रकारच्या पाणवनस्पती एका जागी कुठे मिळणार नाहीत. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मग ते माझ्याकडे वळले. फाट्यापासून तीन किलोमीटर कच्ची गाडीवाट आहे, बस जेमतेम जाईल, पुढे चिखल आहे. तेव्हा कापगते इथंच थांबेल आणि चौकटींतले ओले कागद बदलेल.

मी बरं म्हणाले. सुषमानं माझ्याकडे चमकून पाहिलं, कारण मी इतक्या सरळपणे कशालाच बरं म्हणत नाही.

सकाळी सहाला गावातली मुक्कामाची एसटी निघते हे मी खानसाम्याच्या बायकोला विचारून ठेवलं होतं. साडेपाचला उठले, सगळे ओले कागद बदलले, चौकटींचे पट्टे आवळले. सांगितलेलं काम मागे ठेवायचं नव्हतं. सुषमा झोपली होती, तिच्या उशाशी चिठ्ठी ठेवली: पुढे जाते आहे, सोडनदीवर भेटू. ती चिठ्ठी उशीखाली सरकली, तिला दुपारी परतल्यावर सापडली, आणि मी मागच्या अंगणात असेन असं समजून सगळे मला न शोधताच निघाले, हे मला नंतर समजलं.

फाट्यावर उतरले तेव्हा धुकं होतं. धान कापणीचे दिवस. एक म्हातारे गृहस्थ रिकामी बैलगाडी घेऊन बांधीकडे, म्हणजे धानाच्या खाचराकडे, भारे आणायला चालले होते. त्यांनी विचारलंही नाही, नुसती गाडी थांबवली. अर्ध्या वाटेपर्यंत त्यांनी सोडलं. पुढे गाडीवाट लांबचा वळसा घेत होती, म्हणून उरलेलं अंतर मी धुऱ्यांवरून चालले. धुरा म्हणजे शेताचा मातीचा बांध, वीतभर रुंद, दवानं निसरडा. दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा कापलेल्या धानात तशीच बसून राहिले आणि मोठ्यानं शिव्या दिल्या. कुणाला ते आठवत नाही. बहुतेक चिखलालाच.

आणि मग अर्जुनाच्या झाडांच्या मागे पाणी दिसलं.

ते मी कसं सांगू? वीस वर्षं मी तलावांच्या मुलखात राहिले. आमच्या कोहळी लोकांनीच तर हे तलाव बांधले, आजोबा ते ताठ मानेनं सांगायचे. आणि मी एकाही तलावाच्या काठाशी पोचले नव्हते. रस्त्यावरून, सायकलच्या कॅरिअरवरून, लग्नाच्या गाडीतून पाहिलं तेवढंच. इथं पाणी अगदी पायाशी होतं. धुकं उचलत होतं आणि खालून हिरव्या पानांचा गालिचा उघडा पडत होता.

काठाजवळ एक बाई डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होती. डोंगा म्हणजे एकाच खोडात कोरलेली अरुंद होडी. बाई पन्नाशीची असेल, लुगड्याचा कासोटा मारलेला, दंडाला काळा दोरा. नाव सुरजाबाई मारबते, ढिवरांची, मासेमारी करणाऱ्यांतली. तिनं मला खालून वर पाहिलं आणि थेट पायावरच आली.

“पायाले का झालं वो?”

“लहानपणी पोलिओ.”

“बरं.” तिनं वेल उचलला, खालचे शिंगाडे तोडले, वेल पुन्हा पाण्यात सोडला. “शिंगाडे पायजेत का?”

मी म्हणाले की शिंगाडे नकोत, मला पाण्यात जायचंय. पाण्यातली झाडं जिवंत पाहायचीत. कॉलेजात तेच शिकते, पण आजवर मेलेलीच पाहिली. तिला यातलं काय कळलं कोण जाणे, पण हसली नाही. डोंगा काठाला लावला आणि माझ्या पायाकडे बोट केलं.

“डोंग्यात बसाचं आहे त लोखंड काडा लागते. डोंगा कलला त मानूस तरंगते, लोखंड नाई तरंगत.”

हे मला सुचलं नव्हतं. कॅलिपर मी घराबाहेर कधी, कुणासमोर काढला नव्हता. वसतिगृहातही दिवा मालवून काढायची. तो असेपर्यंत मी हळू का होईना, चालणारी मुलगी होते. तो काढला की काठीच्या आधारानं जेमतेम चार पावलं, नाहीतर जमिनीवर हातांनी सरकणं. आणि मला पोहता येत नव्हतं. तेही मी तिला सांगितलं. सुरजाबाईनं डोंग्यातली एक रिकामी घागर उचलून दाखवली. कलंडलो तर ही पालथी पोटाशी धर आणि बस तरंगत, मी येते. घागरीवर बसूनच आमी लहानपनी शिंगाडे तोडाचो, असं काहीसं म्हणाली.

मी पट्टे सोडले. बूट, लोखंड आणि काठी एका दगडापाशी नीट ठेवली आणि बसल्या बसल्या चिखलातून सरकत डोंग्यात शिरले. तिनं हात दिला नाही. डोंगा हलू नये म्हणून बांबू तळाशी रोवून घट्ट धरला, तेवढंच.

पुढचे दोन तास मी आजही जसेच्या तसे सांगू शकेन. डोंगा पानांमधून सरकायचा तेव्हा पानं बाजूला होऊन पुन्हा मिटायची. पाणी इतकं नितळ होतं की तळाशी उगवलेल्या लांब फितींसारख्या पानांचं रान दिसायचं, आणि त्यातून बोटाएवढे मासे निघून जायचे. मी दंडापर्यंत हात बुडवून देठ चाचपत होते, कुठून फुटतो, मुळं कुठे धरतात. एका जागी पाण्यावर बारीक पिवळी फुलं उभी होती. ती कीटक खाणारी वनस्पती, पाण्यात तिचे मोहरीएवढे फुगे असतात आणि त्यांत ती जीव पकडते. परीक्षेत मी तिची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण घेतले होते. मी एक फांदी हलकेच पाण्याबाहेर उचलली आणि तिच्यातून तडतड असा बारीक आवाज आला. फुगे बाहेरची हवा ओढून घेताना करतात तो. कुठल्या पुस्तकात तो आवाज नव्हता. मी ती तीनदा बुडवून तीनदा उचलली. सुरजाबाईला वाटलं मला वेड लागलं. मग तिनंही कान लावला.

“हे तं मले ठाऊकच नोतं,” ती म्हणाली. जन्म त्या पाण्यावर गेला होता तिचा.

पलीकडच्या काठाला कापलेल्या धानात सारसांची जोडी आली होती, पिलू मध्ये. सुरजाबाई म्हणाली की दर साली येतात. आम्ही तिकडे जाऊ म्हणून पाणकणसांच्या बेटाला वळसा घातला. ती गवतं माणसापेक्षा उंच होती, मागचा काठ दिसेनासा झाला. तेवढ्यात लांब बसचा हॉर्न ऐकू आला. दहा वाजले असतील. मी सुरजाबाईला सोललेला शिंगाडा मागितला. मला काही घाई नव्हती.

मग ती हाक आली.

“वनमाला.”

सर मला कधी नावानं हाक मारत नसत, कुणालाच नाही, सगळे आडनावानं. पहिल्यांदा वाटलं दुसरंच कुणी आहे. पुन्हा आली, आणखी मोठी, तुटलेली. सुरजाबाईनं बांबूनं कणसं बाजूला केली.

त्या फटीतून मी पाहिलं. दगडापाशी माझा कॅलिपर होता, बूट होता, काठी होती. त्यांच्याभोवती मुलंमुली उभी होती, कुणी हलत नव्हतं. सुषमानं तोंडावर दोन्ही हात धरले होते. आणि निमजे सर पाण्यात होते. चपला, पँट, खिशातलं पेन, सगळ्यासकट छातीपर्यंत पाण्यात. हातांनी वेल ओढत होते, पाण्याखाली हात घालून चाचपत होते, वर येऊन मला हाक मारत होते. त्यांचा चष्मा गेला होता. मी शंभर हातांवर होते आणि त्यांना दिसत नव्हते.

सुरजाबाईनं बराच वेळ बघितलं.

“बाप आये का तुजा?”

“सर आहेत.”

“मंग काऊन रडून रायला?”

मी ओरडून म्हणाले की मी इथं आहे. डोंगा कणसांबाहेर आला. सर वळले. मला पाहिलं आणि पाण्यात तसेच उभे राहिले, हातात शिंगाड्याचा वेल, चेहऱ्यावरून पाणी गळतंय. मग त्यांचा चेहरा हळूहळू आवळत गेला.

“बाहेर ये,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

इथं मी बाहेर यायला हवं होतं, असं आजवर ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली ते सगळे म्हणाले. माझी आईसुद्धा म्हणाली. एक माणूस तुझ्यापायी पाण्यात उभा आहे, थरथरतोय, आणि तू? पण मला त्या क्षणी एकच दिसत होतं. मी काठाला लागले की हे मला बसमध्ये बसवतील आणि मग कुठल्याही पाण्याजवळ, कुठल्याही कारणानं मला कुणी येऊ देणार नाही. आजचं उदाहरण पुढची चाळीस वर्षं माझ्यासमोर धरतील.

“नाही सर,” मी म्हणाले. “मी ठीक आहे. अर्ध्या तासात येते. पलीकडचं अजून पाहायचंय.”

काठावर कुणीतरी श्वास ओढला. सुरजाबाईनं बांबू आडवा धरला आणि मला हळूच विचारलं, “कोनाचं आयकू?”

“डोंगा तुमचा आहे, मावशी.”

तिनं सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपल्यातल्या शिंगाड्यांकडे पाहिलं.

“माजे शिंगाडे तं तिकडंच आयेत,” ती मोठ्यानं म्हणाली, काठापर्यंत ऐकू जाईल अशी, आणि तिनं डोंगा पलीकडे रेटला.

अर्धा तास सांगितला होता, बरोबर अर्ध्या तासानं आले. सारस पाहिले. खरं तर धड पाहिले नाहीत, लक्ष मागच्या काठाकडे होतं. काठाला लागले तेव्हा कुणी पुढे आलं नाही. मला वाटलं सुषमा येईल, पण सरांच्या चेहऱ्यानं सगळे खिळले होते. मग मी डोंग्यातून चिखलात उतरले आणि दोन्ही हातांवर भार देत, तो पाय मागे ओढत, दगडापर्यंत सरकत गेले. आठ-दहा हात अंतर असेल. अठरा जणांनी पाहिलं. वीस वर्षं जे मी दिवा मालवून लपवत आले ते भर उन्हात पाहिलं. दगडाशी पोचून मी पट्टे बांधले, काठी घेतली आणि उभी राहिले.

सरांनी बाकीच्यांना काम लावून दिलं आणि मला अर्जुनाच्या झाडाखाली यायला सांगितलं. त्यांचे कपडे अंगाला चिकटले होते. चष्मा कुणीतरी शोधून दिला होता, त्याची एक काच तडकली होती. मला वाटलं ते ओरडतील. ते खाली मुळावर बसले आणि एका मुलाबद्दल सांगू लागले.

हिरालाल पारधी. चार वर्षांपूर्वी ते दुसऱ्या कॉलेजात होते तेव्हाचा विद्यार्थी, हुशार, वर्गाचा लाडका. अशाच सहलीत एका तलावावर कमळाचं फूल मुळासकट आणतो म्हणून पाण्यात शिरला. कमरेएवढं पाणी होतं. देठांमध्ये पाय अडकले. सर काठावरच होते, वीस पावलांवर, वहीत काहीतरी लिहीत. मान वर केली तेव्हा पाण्यावर नुसती टोपी होती. त्याच्या वडिलांना तार त्यांनीच केली. त्यानंतर चार वर्षं त्यांनी सहल काढली नव्हती. या वर्षी प्राचार्यांनी आग्रह धरला म्हणून काढली, आणि काल दिवसभर दर पाच मिनिटांनी ते डोकी मोजत होते.

“तुझं लोखंड त्या दगडापाशी पाहिलं,” ते म्हणाले, आणि तडकलेला चष्मा काढून ओल्या बाहीला पुसू लागले.

खोटं कशाला सांगू, त्यांच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं. क्षणभर. मग कालची ती खिडकी, तो वनरक्षक, ती शाबासकी, सगळं एकदम वर आलं.

“सर, हिरालालचे पाय धड होते ना?”

त्यांनी वर पाहिलं.

“होते ना?” मी पुन्हा विचारलं.

“होते.”

“मग तो बुडाला म्हणून तुम्ही मला बसमध्ये का ठेवलंत? काल अठरा जण पाण्यात उतरले. सगळे धड पायांचे, त्याच्यासारखे. त्यांना कुणी थांबवलं नाही. जो बुडाला त्याच्यासारख्या सगळ्यांना सोडलंत आणि एकटी मी त्याच्यासारखी नव्हते, तर मलाच कोरडं ठेवलंत.”

सर मुळावरून उठले आणि म्हणाले की मी प्राचार्यांना लिहीन, तुला माफी मागावी लागेल. मी म्हणाले, “तुम्हाला घाबरवलं त्याची माफी आत्ता मागते, सर. काठावर कुणाला तरी सांगून जायला हवं होतं. पण गेले त्याची मागणार नाही. पत्रातही नाही.”

“बसमध्ये जाऊन बस,” ते म्हणाले.

मी गेले आणि बसले. अंगात त्राण नव्हतं म्हणून बसले. सुषमा आली, माझ्या केसांतलं शेवाळ काढत राहिली. नंतर हळूच विचारलं की तो तडतड आवाज खरंच येतो का. सुरजाबाईनं काठावर सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सहलीचा शेवटचा तलाव होता. सकाळी मी सगळ्यांच्या आधी बसच्या पायरीशी उभी होते, काठी हातात. मला तिथंच थांब म्हणाले तर काय करायचं ते रात्रभर ठरवून ठेवलं होतं आणि ते चांगलं नव्हतं. सर आले. त्यांच्या खांद्यावर नवा कोरा दोर होता, कुठून मिळवला कोण जाणे. त्यांनी सगळ्यांना गोल उभं केलं. आज कुणीही गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. एकट्यानं जायचं नाही, दोघादोघांनी. ज्याला पोहता येतं त्यानं दोराचं टोक धरून काठावर राहायचं, पाळीपाळीनं. लाजायचं नाही, भीती वाटली तर सांगायचं. माझं नाव त्यात कुठे आलं नाही. वगळलेलंही नव्हतं.

तलावाची वाट चढाची होती, मुरूम आणि गोटे. मी मागे पडत गेले. एका वळणावर काठी सटकली आणि मी सपाट तोंडावर पडले, खटखटाट होऊन. पुढचे सगळे थांबले, दोन मुलं परत फिरली.

“थांबू नका,” सर पुढून म्हणाले. मागे न बघता. “चला पुढे. येईल ती.”

मी उठले. कोपर सोललं होतं, ओठ फुटला होता. वीस मिनिटं उशिरा पोचले. मुलंमुली जोड्या करून काठाकाठानं पसरली होती. सुषमा दोर धरून बसली होती. मी तिच्याशेजारी बसून पट्टे सोडले, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत, आणि काठी टेकत, गुडघ्यावर हात दाबत पाण्यात उतरले. सर तिथंच पाण्यात वाकून उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात कुमुदिनीचं पांढरं फूल. मी येतेय हे त्यांनी पाहिलं. हात दिला नाही. फूल माझ्यापुढे धरलं.

“कोणती जात?”

आमच्याकडे कुमुदिनीच्या दोन जाती सापडतात. एकीच्या पाकळीवर आतून बारीक केस असतात, दुसरीच्या नसतात. मी फूल घेतलं, पाहिलं आणि बिनकेसांची म्हणून सांगितलं. सर नाही म्हणाले, ही केसांची.

“तुम्ही चुकताय, सर,” मी म्हणाले.

आम्ही बराच वेळ भांडलो. त्यांचे हातवारे, माझे हातवारे, काठावरची मुलं काम सोडून बघायला लागली. शेवटी त्यांनी खिशातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि पाकळी उजेडाकडे धरली. केस होते. पांढरे, मऊ, अगदी स्पष्ट.

त्यानंतर तीस वर्षं मी हाच विषय शिकवला, शेकडो मुलांना घेऊन तलाव पालथे घातले. प्राचार्यांना पत्र गेलं की नाही ते मला कधी कळलं नाही. त्या दिवशी चूक माझीच होती, आणि ती मी गुडघाभर पाण्यात उभी राहून केली होती.